लाइट गेली की हरवणारं वायफाय: भांडी बाजारातल्या एका जुन्या लॅपटॉपचं प्रकरण

नाशिकच्या भांडी बाजारात तांब्या-पितळेचं एक जुनं दुकान आहे. पुढे दुकान, मागे मधली खोली, वर घर. बिलं, उधारी आणि जीएसटीचे आकडे हे सगळं मधल्या खोलीतल्या एका २००९ सालच्या लॅपटॉपवर चालतं. या लॅपटॉपचं वायफाय सात-आठ महिने मधूनमधून गायब व्हायचं. नेटवाल्याने एकदा राउटर बदलून दिला, नात्यातल्या एका मुलाने एकदा ड्रायव्हर (वायफायचं कार्ड चालवणारा प्रोग्राम) बदलला, मी दोनदा दुरुस्त केलं. दर वेळी ते खरोखर सुरू झालं आणि दर वेळी पुन्हा गेलं.

मी सातपूरला एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. कंप्युटर हा माझा रविवारचा उद्योग. दुकानाचे मालक अण्णा हे माझ्या वडिलांचे मित्र, त्यामुळे फोन आला की जायचं एवढंच ठरलेलं. तक्रार त्यांच्याच शब्दांत अशी होती: "अरे, ह्याचं वायफाय परत गेलं. आमच्या सगळ्यांच्या मोबाइलवर व्यवस्थित येतंय. म्हणजे खोट ह्याच्यातच आहे. जुनंच झालंय ते. मोडीत घालू का?"

धातूच्या दुकानात 'मोडीत घालणं' हा वाक्प्रचार नसतो, रोजचा व्यवहार असतो. म्हणून लगेच गेलो.

यंत्र आणि त्याचा पूर्वेतिहास

कोअर टू ड्युओ प्रोसेसर, ३ जीबी रॅम, नंतर बसवलेली एसएसडी. बॅटरी मेलेली, त्यामुळे लाइट गेली की लॅपटॉप जागच्या जागी बंद. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली. मूळ विंडोज ७ होतं. त्याचा आधार १४ जानेवारी २०२० ला संपला. पुढे वहिनींच्या, म्हणजे अण्णांच्या सुनेच्या, भाच्याने त्यावर डेबियन १२, म्हणजे लिनक्सचं एक वितरण, घातलं, हलका एक्सएफसीई डेस्कटॉप दिला, लिब्रेऑफिसमध्ये बिलाचा नमुना बनवून दिला आणि नोकरीसाठी पुण्याला गेला. पोराने या यंत्राला दुसरा जन्म दिला हे आधी सांगून टाकतो, कारण पुढे त्याच्या दोन-तीन गोष्टींवर बोट ठेवायचं आहे.

टर्मिनलमध्ये 'एलएसपीसीआय -एनएन' दिल्यावर कार्डाची ओळख पटली: ब्रॉडकॉमचं बीसीएम४३१२, क्रमांक १४ई४:४३१५. लिनक्सवर जुने लॅपटॉप जगवणाऱ्यांना हा क्रमांक नातेवाइकाच्या फोन नंबरासारखा पाठ असतो. कार्ड फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतं, 'बी' आणि 'जी' एवढीच प्रमाणकं जाणतं, कागदावरचा वेग सेकंदाला ५४ मेगाबिट. प्रत्यक्षात त्याच्या निम्मा मिळाला तरी देवाची कृपा. बिलं आणि जीएसटीला तेवढा पुष्कळ.

या कार्डाची गोम अशी की त्याच्या आतल्या छोट्या प्रोसेसरला लागणारा प्रोग्राम, म्हणजे फर्मवेअर, कार्डात साठवलेला नसतो. दर वेळी सुरू होताना तो संगणकाने त्याच्या तोंडात घालावा लागतो. हे फर्मवेअर इतरांनी वाटण्याचा परवाना नाही. डेबियनने जून २०२३ मध्ये १२ वी आवृत्ती काढताना बरंचसं बंदिस्त फर्मवेअर इन्स्टॉलरच्या डिस्कमध्येच घातलं, पण हे त्यात बसलं नाही. त्यासाठी बी४३ चं वेगळं पॅकेज आहे. ते स्वतः नेटवर जातं, ब्रॉडकॉमचा जुना ड्रायव्हर उतरवतं आणि त्यातून फर्मवेअर कापून काढतं. म्हणजे नेट लावायला आधी नेट हवं. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, त्यातला प्रकार. यातून सोपी वाट म्हणजे मोबाइल यूएसबी केबलने जोडून टेदरिंग चालू करणं. लिनक्सला तो मोबाइल तारेच्या नेटवर्कसारखा दिसतो, कुठलाही ड्रायव्हर घालावा लागत नाही. फक्त केबल डेटावाली हवी. बाजारात मिळणाऱ्या कित्येक स्वस्त केबलींमध्ये नुसत्या चार्जिंगच्या तारा असतात, आणि माणूस तासभर लिनक्सला शिव्या घालत बसतो. मी घातल्या आहेत.

कार्डासाठी दोन ड्रायव्हर आहेत. एक 'डब्ल्यूएल', ब्रॉडकॉमचा स्वतःचा, बंदिस्त. त्याची शेवटची अधिकृत आवृत्ती २०१५ ची, तेव्हापासून लिनक्स वितरणांची माणसं नव्या कर्नलसाठी, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यासाठी, त्याला ठिगळं लावत आली आहेत. दुसरा 'बी४३', पूर्ण मुक्त. कंपनीने चिपची माहिती दिली नव्हती तेव्हा काही जणांनी तिच्या ड्रायव्हरचं वागणं उलट बाजूने उलगडून तो लिहिला. वर्षानुवर्षं तो सांभाळणाऱ्यांतले एक, लॅरी फिंगर, २०२४ च्या जूनमध्ये वारले. भांडी बाजारातली बिलं त्यांच्या कामावर चालली होती हे त्यांना कधी कळलं नसणार.

पहिला रविवार: 'वायफाय चालू' नावाचं चिन्ह

लॅपटॉप उघडला तर डेस्कटॉपवर 'वायफाय चालू' नावाचं चिन्ह. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, सकाळी चालू केलं की आधी ह्याच्यावर दोनदा दाबायचं, पासवर्ड टाकायचा, मग वायफाय येतं. भाच्याने करून दिलंय." आत बघितलं तर एकच ओळ होती: 'मॉडप्रोब बी४३'. म्हणजे ड्रायव्हर आपोआप चढत नव्हता, रोज हाताने चढवावा लागत होता.

का, ते जुन्या नोंदी चाळल्यावर कळलं. पोराने आधी बंदिस्त 'डब्ल्यूएल' घातला होता. तो डीकेएमएस पद्धतीने येतो, म्हणजे प्रत्येक नव्या कर्नलसाठी तो त्याच मशीनवर नव्याने बांधला जातो. बांधायला त्या कर्नलच्या हेडर फाइली लागतात. त्या आपोआप येण्याची सोय त्याने केली नव्हती. सुरक्षेचा अपडेट आला, कर्नल बदललं, बांधकाम फसलं, वायफाय गेलं. मग त्याने 'डब्ल्यूएल' काढला, बी४३ चं फर्मवेअर आणलं आणि तरीही कार्ड जागं होईना, म्हणून ते चिन्ह.

खरं कारण 'रिमूव्ह' आणि 'पर्ज' यांतल्या फरकात होतं. डेबियनमध्ये पॅकेज नुसतं 'रिमूव्ह' केलं की प्रोग्राम जातो, सेटिंगच्या फाइली राहतात. 'डीपीकेजी -एल' च्या यादीत असं पॅकेज 'आरसी' या दोन अक्षरांनी दिसतं. 'डब्ल्यूएल' चं पॅकेज येताना 'ईटीसी' मधल्या 'मॉडप्रोब.डी' फोल्डरात काळ्या यादीची एक फाइल ठेवतं, कारण दोन ड्रायव्हर एकाच कार्डावर भांडू नयेत. त्या यादीत बी४३ आणि त्याच्या हाताखालचा 'एसएसबी', दोघंही असतात. भाडेकरू गेला, पण दारावर लावलेलं कुलूप तसंच. काळ्या यादीतला ड्रायव्हर आपोआप चढत नाही, नाव घेऊन बोलावला तर मात्र येतो, म्हणून पोराचं चिन्ह चालायचं.

पॅकेज 'पर्ज' केलं, 'अपडेट-इनिट्रॅमएफएस -यू' चालवून सुरुवातीची प्रतिमा (मशीन उठताना आधी वाचतं ती फाइल) नव्याने बांधली आणि मशीन पुन्हा चालू केलं. कार्ड आपोआप उठलं. 'एलएसपीसीआय -एनएनके' मध्ये ड्रायव्हर म्हणून 'बी४३-पीसीआय-ब्रिज' दिसलं. या कार्डाच्या बाबतीत तसंच दिसतं, ते बघून घाबरू नये.

त्याच फोल्डरात आणखी एक छोटी फाइल होती. तिच्यात 'सीएफजी८०२११' असं काहीतरी आणि शेवटी 'यूएस' लिहिलं होतं. मी ती उघडली, वाचली आणि बंद केली. चहा आला होता.

दुसरी फेरी: हंडे, घागरी आणि रेंज

मंगळवारी रात्री वहिनींचा फोन. दुपारी लाइट गेली होती, आल्यावर लॅपटॉप चालू केला तर घरचं वायफाय यादीतच नाही. शेजारपाजारची आठ-दहा नावं दिसतात, आपलंच नाही. नेटवाल्याने फोनवर सांगितल्याप्रमाणे राउटर बंद करून चालू केला, तेव्हा आलं. म्हणजे आता चालूच होतं.

गुरुवारी गेलो तेव्हा अर्थातच सगळं नीट. चालू असलेल्या यंत्रात बिघाड शोधायला जाणं म्हणजे बरा झालेला ताप मोजणं. तरीही काहीतरी सापडायलाच हवं अशा मनाने गेलेल्या माणसाला काहीतरी सापडतंच. मला भांडी सापडली.

राउटर दुकानात गल्ल्याच्या मागे, खालच्या फळीवर. लॅपटॉप मधल्या खोलीत. मध्ये छतापर्यंत मांडण्या: घागरी, हंडे, पराती, बंब. २.४ गिगाहर्ट्झची लहर साडेबारा सेंटिमीटर लांबीची. तांब्यात ती शिरते किती? मिलिमीटरचा साधारण हजारावा भाग, जेमतेम त्याहून थोडं अधिक. घागरीचा पत्रा त्याच्या कैक पट जाड. म्हणजे लहर भांड्यातून जात नाही. ती भांड्यांवर आपटत, फटींतून वाट काढत, भिंतींवरून परतून मधल्या खोलीत पोचते. लॅपटॉपपाशी रेंज मोजली ती उणे ७९ डीबीएम, रडतखडत चालेल इतकीच (हा आकडा शून्याच्या जितका जवळ तितकी रेंज चांगली). वहिनींनी वर पुरावाही दिला: "धनत्रयोदशीच्या आधी माल भरला ना, तेव्हा फार त्रास द्यायचं. दिवाळीनंतर जरा बरं होतं."

हे ऐकल्यावर मला शंकाच उरली नाही. राउटर उचलून मधल्या खोलीच्या दारावरच्या माळ्याला लावला. रेंज उणे ७९ वरून उणे ६२ वर आली. हे १७ डेसिबल म्हणजे पोचणारी शक्ती साधारण ५० पट. पानं झरझर उघडायला लागली, अण्णा खूश, मी त्यांच्याहून खूश. केलेलं काम चुकीचं नव्हतं, त्याचा फायदा आजही मिळतो. फक्त ज्या आजाराचं औषध म्हणून केलं, तो आजार हा नव्हता. थोडा विचार केला असता तर तेव्हाच कळलं असतं: भांड्यांनी रेंज अडवली असती तर राउटर बंद-चालू केल्याने ती परत कशी आली? राउटर बंद केल्यावर घागरी काही बाजूला सरकत नाहीत.

शनिवारी परत लाइट गेली. २०२७ च्या सिंहस्थासाठी गावात जागोजागी खोदकाम चालू आहे, लाइट जाणं तसं नवलाचं नव्हतं. ती आली. वायफाय नाही.

तिसरी फेरी

या वेळी वहिनींना फोनवरच सांगितलं, कशालाही हात लावू नका, राउटर बंद-चालू करू नका, मी येतो. त्यांना ते परवडणारं नव्हतं. डिसेंबरची ९ तारीख, ११ च्या आत जीएसटीचं विवरण भरायचं. पण त्यांनी ऐकलं, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर तेवढं काम उरकलं. बिघाड आहे त्या अवस्थेत पहिल्यांदाच माझ्यासमोर आला तो त्यांच्यामुळे.

लॅपटॉप राउटरच्या बरोबर खाली आणून ठेवला, मध्ये चार फूट हवा. यादीत शेजारची नावं दिसतात, डोक्यावरचा राउटर दिसत नाही. भांड्यांचा प्रश्न तिथेच निकालात. कार्ड आणि अँटेनाही निर्दोष, कारण शेजारचं ऐकू येतंय. वायफाय कुठे बंद करून ठेवलंय का ते सांगणाऱ्या 'आरएफकिल' मध्ये अडथळा नाही, कळपट्टीवरचं वायफायचं बटण चालू.

मग शंका राउटरवर. तो दोन पट्ट्यांवर चालतो, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ, आणि दोन्हींना नाव एकच. मोबाइल ५ वर जोडला जात असेल आणि २.४ चा भागच लाइट आल्यावर झोपून राहत असेल, तर जुन्या कार्डाला काहीच दिसणार नाही आणि मोबाइलवाल्यांना पत्ताही लागणार नाही. ही शंका चांगली होती. मोबाइलवर वायफायचं चॅनल दाखवणारं ॲप उघडलं. २.४ चा भाग ठणठणीत जागा होता, बाजारातल्या सगळ्यांत जोरकस. चॅनल १३.

लॅपटॉपवर 'एनएमसीएलआय' ला यादी मागितली. त्यात चॅनलचा रकाना असतो. १, १, ६, ६, ६, ११, ९, ११, ३. एकही १२ नाही, एकही १३ नाही. मोबाइलवर मात्र शेजारच्यांपैकी एक १२ वर होता. तोही लॅपटॉपच्या यादीत नव्हता. इथे मी खुर्ची ओढून बसलो.

अण्णा गल्ल्यावरून बघत होते. गिऱ्हाइकाला घागर देताना ते बोटाने टिचकी मारून आवाज ऐकवतात, टिचलेली असेल तर ती बद्द वाजते. ते म्हणाले, "सापडलं वाटतं. चेहरा बदलला तुझा." मी म्हटलं, "अण्णा, एवढं कळलं की हा १२ आणि १३ ला बहिरा आहे. का, ते नाही कळलं." त्यावर वहिनी सहज बोलून गेल्या, "दिवाळीत अमेरिकेचे भाऊजी आले होते, त्यांच्या लॅपटॉपलाही एक दिवस घरचं वायफाय दिसत नव्हतं. ते म्हणाले तुमच्या राउटरलाच काहीतरी झालंय."

अमेरिका. यूएस. पहिल्या रविवारी चहा येण्याआधी उघडून बंद केलेली ती फाइल.

चॅनल, देश आणि दोन अक्षरं

२.४ गिगाहर्ट्झचा पट्टा वायफायसाठी पाच-पाच मेगाहर्ट्झच्या पायऱ्यांनी चॅनलांत वाटलेला आहे. १ लं २४१२ मेगाहर्ट्झवर, ११ वं २४६२ वर, १३ वं २४७२ वर. कोणतं चॅनल वापरायचं हे देशावर ठरतं. भारतात २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ च्या नियमांनी कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवान्याविना खुला झाला, त्यात १ ते १३ ही सगळी चॅनलं बसतात. अमेरिकेत २४८३.५ मेगाहर्ट्झच्या लगेच वर राखीव पट्टा सुरू होतो. त्याला धक्का लागू नये म्हणून तिथली उपकरणं साधारणपणे ११ वर थांबतात. लिनक्समध्ये या देशवार नियमांची एक छोटी यादी असते. कर्नलला देश सांगितला की तो त्याप्रमाणे कार्डाची चॅनलं उघडतो किंवा मिटतो.

लॅपटॉपला कुठला देश सांगितलाय ते बघायला 'आयडब्ल्यू रेग गेट' विचारायचं होतं. डेबियनने 'कमांड सापडली नाही' म्हणून सांगितलं. मोबाइल जोडून 'आयडब्ल्यू' उतरवलं, तरी तेच उत्तर, कारण ते 'एसबिन' मध्ये बसतं आणि साध्या वापरकर्त्याच्या वाटेत ते फोल्डर नसतं. पुढे 'सुडो' (म्हणजे मुख्य वापरकर्त्याच्या हक्काने) लावल्यावर बोललं: देश यूएस. 'आयडब्ल्यू लिस्ट' मध्ये २४६७ आणि २४७२ मेगाहर्ट्झपुढे 'डिसेबल्ड'. नाशिकच्या भांडी बाजारातला लॅपटॉप स्वतःला अमेरिकेत समजत होता आणि तिथला कायदा इमानेइतबारे पाळत होता.

ती ओळख पोराने दिली होती. पुण्याला फोन केला तेव्हा तो म्हणाला, "मामा, रेंज कमी येत होती म्हणून कुठेतरी वाचून टाकलं होतं. देश बदलला की पॉवर वाढते म्हणे." हा समज सर्रास आहे. नियमांच्या यादीत काही देशांना जास्त शक्तीची मुभा दिसते हे खरं, पण कार्डाच्या आत जेवढा दम आहे तेवढाच तो मारणार. मर्यादेची पाटी बदलून सायकल काही मोटार होत नाही. आणि गंमत अशी की त्याने काहीच लिहिलं नसतं तर हे प्रकरणच घडलं नसतं. देश न सांगितल्यास कर्नल जगभराचा सावध नियम लावतो: १२ आणि १३ वर आपण होऊन हाक मारायची नाही, नुसतं ऐकायचं. राउटर सेकंदाला साधारण दहा वेळा स्वतःचं नाव पुकारत असतो, त्यामुळे नुसतं ऐकूनही तो सापडला असता.

लाइटचा संबंध आता आपोआप उलगडला. राउटरचं चॅनल 'ऑटो' वर होतं. चालू होताना तो आजूबाजूला कान देतो आणि कमी गजबज असलेलं चॅनल धरतो. या बाजारात भिंतीला भिंत लागून दुकानं, १, ६ आणि ११ वर जत्रा. १२-१३ निवांत. त्यामुळे लाइट गेल्यावर राउटर नव्याने उठायचा आणि बरेचदा तिकडे जाऊन बसायचा. बॅटरी नसल्याने लॅपटॉपही त्याच वेळी बंद पडून उठायचा, म्हणून संशय त्याच्यावर. राउटर परत बंद-चालू केला की कधी चॅनल बदलायचं, कधी नाही. बदललं की 'राउटरच खराब'. नेटवाल्याने नवीन दिला, त्यालाही तीच सवय, आणि पहिले काही दिवस योगायोगाने ठीक गेले. मोबाइल भारतात असल्याचं मोबाइलला माहीत असल्याने तो कधीच अडला नाही.

दुरुस्ती आणि तपासणी

'सुडो आयडब्ल्यू रेग सेट आयएन'. चार-पाच सेकंदांत घरचं नाव यादीत. कायमसाठी त्या फाइलीतलं 'यूएस' खोडून 'आयएन' केलं, सुरुवातीची प्रतिमा परत बांधली, मशीन पुन्हा चालू करून देश विचारला. भारत.

पण कारखान्यात आम्हाला एक शिकवलेलं आहे. बिघाड गेला एवढ्यावर सही करायची नाही, तो मुद्दाम परत आणून दाखवायचा. मी याआधी दोनदा न दाखवता सही केली होती. म्हणून राउटरच्या पानावर जाऊन चॅनल हाताने १३ केलं, लॅपटॉपचा देश परत यूएस केला. नाव गायब. आयएन केला, नाव हजर. हेच १२ वर. मग ११ वर यूएस ठेवूनही नाव दिसलं, जसं दिसायला हवं. शेवटी राउटर 'ऑटो' वर टाकून प्लग पाच वेळा काढला-घातला. १३, १३, ६, १२, १३. पाचही वेळा लॅपटॉप जोडला गेला. हे करताना अण्णा म्हणाले, "अरे, आता चालतंय ना? कशाला छळतोस त्याला?"

राउटर एखाद्या चॅनलवर कायमचा बांधून टाकावा का, हा प्रश्न होता. नेटवाल्याने फोनवर तसंच सुचवलं, ६ वर ठेवा म्हणून. मी नाही केलं. त्या बाजारात १२-१३ वर खरोखर शांतता आहे आणि लॅपटॉपला आता तिथलं ऐकू येतं. ६ च्या गर्दीत परत जाण्यात अर्थ नव्हता. अमेरिकेचे भाऊजी परत आले तर त्यांची सोय म्हणून ५ गिगाहर्ट्झच्या भागाला वेगळं नाव देऊन ठेवलं, त्यांचा लॅपटॉप ५ वर चालत असेल तर त्यावर जोडला जाईल.

'वायफाय चालू' हे चिन्ह मी पहिल्याच रविवारी काढून टाकलं होतं. आता त्याची काही गरज नव्हती, पण तिसऱ्या फेरीनंतर दोन दिवसांनी अण्णांचा फोन आला. सुनेला विचारण्याऐवजी ते स्वतः लॅपटॉप उघडून बसले होते. "ते वायफाय चालू करायचं चित्र कुठे गेलं?" मी म्हटलं, "अण्णा, वायफाय चालूच आहे, कोपऱ्यात बघा." ते म्हणाले, "ते असू दे, पण चित्र कुठे गेलं?" पुढच्या रविवारी ते परत ठेवलं. त्यावर दोनदा दाबलं की आता देश, चॅनल आणि रेंज एवढंच दिसतं. काल विचारलं तेव्हा तिथे आयएन, १३ आणि उणे ६४ होतं.